पंधरा द्या, पण हळू खेळू नका

मंडळी, खुर्च्या जरा पुढे ओढा, या माईकचा काही भरवसा नाही. मला विषय दिलाय तो "सोशल टेनिसमध्ये स्कोअरिंग कसं असावं" आणि सेक्रेटरींनी तोंडी वर जोडलंय, "भांडणं न होता". ते दुसरं काही माझ्या हातात नाही.

रविवारी सकाळी कोर्टवर काय होतं ते तुम्ही बघताच. चौघं जमतात, त्यात एक युनिव्हर्सिटी खेळलेला, एक काका सत्तरीतले पण त्यांचा स्लाइस पडला की बॉल उठतच नाही, एक ताई बऱ्यापैकी खेळणाऱ्या, आणि एकाने दिवाळीनंतर पहिल्यांदा रॅकेट धरलीय. मग जो भारी आहे तो काय करतो, तर हळू खेळतो. पहिली सर्व्हपण सेकंडसारखी टाकतो, सोपा व्हॉली मुद्दाम नेटमध्ये घालतो, आणि समोरच्याला ते कळतं हो, लगेच कळतं. गल्लीत कच्चं लिंबू ठेवायचो ना आपण, खेळायला घ्यायचं पण आउट झाला तरी मोजायचं नाही, तसलाच प्रकार. मोठ्या माणसाला कच्चं लिंबू केलं की तो पुढचे दोन रविवार येतो आणि मग त्याचा गुडघा दुखायला लागतो.

हँडिकॅपमध्ये बरोब्बर उलटं असतं. आधीच पॉइंट देऊन टाकायचे आणि मग दणकून खेळायचं, दयामाया नाही. माझा सगळा आग्रह एवढ्याचसाठी आहे.

आणि ही काही नवीन टूम नाही बरं का. रिअल टेनिसमध्ये, म्हणजे भिंतींच्या आत खेळतात त्या जुन्या टेनिसमध्ये, हँडिकॅप आजही रोजच्या व्यवहारातला आहे, आणि लॉन टेनिसच्या सुरुवातीच्या काळात तर मोठमोठे चॅम्पियन असे खेळायचे. १८८८ साली इंग्लंडमधल्या एक्समथला अर्नेस्ट रेनशॉ आणि लॉटी डॉड यांची मॅच झाली. हा त्या वर्षीचा विम्बल्डन चॅम्पियन, ती त्याच्या आदल्या वर्षी वयाच्या १५व्या वर्षी विम्बल्डन जिंकलेली. टेनिसच्या गेममध्ये पॉइंट १५, ३०, ४० असे मोजतात आणि शून्याला लव्ह म्हणतात. रेनशॉने प्रत्येक गेममध्ये ३० दिले, म्हणजे गेम सुरूच व्हायचा तिच्या ३०-लव्हवर, दोन पॉइंट आधीच खिशात. पहिला सेट तिने ६-२ घेतला, पुढचे दोन त्याने ७-५, ७-५ काढले. आता ती मॅच काहीही न देता झाली असती तर बघायला कोण थांबलं असतं?

फ्रान्समध्ये अजूनही क्लबातल्या खेळाडूंच्या रँकिंगला ३०/४, १५/२, ५/६, -२/६ अशी नावं आहेत. बाहेरच्याला वाटतं हा काय पोस्टाचा पिनकोड, पण तो जुना हँडिकॅपच आहे. ५/६ म्हणजे सहापैकी पाच गेममध्ये १५ मिळणार. मायनस म्हणजे तुम्ही इतके भारी की उधारीवर सुरू करायचं, शून्याच्याही खालून.

सहाचे भाग कशाला, सरळ १५ द्या की, असं कोणीतरी म्हणणारच. थोडं गणित सांगतो, कंटाळू नका. समजा दर १०० पॉइंटपैकी तुम्ही ६० जिंकता आणि मी ४०. फार फरक नाही वाटत ना? पण टेनिसचं स्कोअरिंग असलं बेरकी आहे की गेमपर्यंत येताना तुमचे ६० चे साधारण ७४ होतात आणि सेटपर्यंत ९६. माझ्यासाठी मॅच संपली. आता मला दर गेमला १५ द्या, माझे गेम येतात शंभरात ४२, म्हणजे कमीच. ३० द्या, तर येतात ६३, म्हणजे आता तुम्ही वैतागणार. बरोबरी कुठे होते तर दर सहा गेमपैकी चार गेमला १५ आणि दोन गेमला ३०. हेच ते "१५ आणि दोन षष्ठांश". ज्यांनी ही पद्धत बसवली त्यांनी कॉम्प्युटर नसताना, निव्वळ खेळून खेळून बसवली, मला याचं फार कौतुक वाटतं.

आपल्याकडे काय करतात, "चल तुला दोन-लव्ह दिले", म्हणजे सेटच्या सुरुवातीलाच दोन गेम फुकट. याचा फारसा उपयोग नाही. याच ६०-४० च्या जोडीत २-० देऊनसुद्धा मी पाचातला एखादाच सेट काढीन, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक गेममध्ये मारच खाणार, फक्त शेवटचा आकडा बरा दिसणार. पॉइंट गेमच्या आत द्या म्हणजे प्रत्येक गेममध्ये जीव राहतो.

एक बारीक गोष्ट, पण यावरच सगळ्यात जास्त डोकी फिरतात. गेम १५-लव्हवर सुरू झाला तर पहिली सर्व्ह कुठून? माझं मत, डावीकडून, म्हणजे ॲड कोर्टवरून. कारण १५-लव्ह असताना आपण एरवीपण तिथूनच करतो, हाताला सवय आहे. उजवीकडून सुरू केलंत तर पुढे ३०-१५ ला चौघंही एकमेकांची तोंडं बघत उभे. आणि दोन षष्ठांश असेल तर जादाचा पॉइंट दुसऱ्या आणि पाचव्या गेमला द्या, म्हणजे सिंगल्समध्ये एकदा तुमच्या सर्व्हला, एकदा त्याच्या.

डबल्समध्ये दोघांचे हँडिकॅपचे आकडे जोडा, निम्मे करा, समोरच्या जोडीचे तसेच काढा, फरक द्या. मिक्स्डला वेगळं काही नको, आकड्यात सगळं येतंच.

आता वेळ. कोर्ट दोन, माणसं सोळा, नऊनंतर ऊन. इथे अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या जेम्स व्हॅन ॲलन यांना नमस्कार करायचा, लांबणाऱ्या सेटला वैतागलेला माणूस, टायब्रेक, म्हणजे सेट ६-६ वर अडकला की तो मिटवायचा छोटा डाव, त्याच्या डोक्यातून आला. १९७० साली यूएस ओपनने घेतला तेव्हा पाच पॉइंटला टायब्रेक संपायचा आणि ४-४ झाले की पुढच्या एका पॉइंटवर सेटचा निकाल, सडन डेथ, कोर्टवर लाल झेंडा लावायचे. खेळाडूंच्या पोटात गोळा यायचा, पब्लिक खूश. आपण त्याच धर्तीचं नो-ॲड घ्यावं, म्हणजे ४०-४० झाले, ज्याला ड्यूस म्हणतात, की दोन पॉइंटची आघाडी न बघता पुढच्या एकाच पॉइंटवर गेम. एटीपीच्या, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टूरच्या डबल्समध्ये २००६ पासून आहे, त्यामुळे "हे काय खरं टेनिस नाही" हे बोलणं बंद. तो पॉइंट कुठल्या बाजूला घ्यायचा ते रिसीव्हर ठरवणार, मिक्स्डमध्ये बाईची सर्व्ह बाई घेणार, पुरुषाची पुरुष. आणि यात कच्च्या प्लेअरचा फायदाही आहे, मगाच्याच जोडीत ड्यूसवरून माझा गेम एरवी ३१ टक्के वेळा येतो, नो-ॲडला ४०. तेव्हा नो-ॲड लावलंत तर हँडिकॅप एखादा षष्ठांश कमी करा, दोन्हीकडून घेऊ नका.

आकडे ठरवणार कोण, हे खरं भांडणाचं मूळ. कमिटी नको, मीटिंग नको. एकाच माणसाने ठरवायचे, बोर्डवर पेनाने लिहायचे, आणि सेट जिंकलात की तुमचा एक षष्ठांश कमी, हरलात की एक जास्त. म्हणजे सुरुवातीचा आकडा चुकला तरी पाच-सहा रविवारात आपोआप जागेवर येतो. काही जण मुद्दाम हरून आकडा वाढवून ठेवतील आणि ॲन्युअल डेच्या कपला बाहेर काढतील, अशी माणसं प्रत्येक क्लबात असतात, नावं घेत नाही, दोघं समोरच बसलेत. त्यावर उपाय असा की कपच्या आधीचा महिनाभर आकडा खाली जाऊ शकतो, वर नाही.

राहिली घंटा. वीस मिनिटांनी घंटा झाली की चालू गेम पूर्ण करायचा, चालू सेट नाही. जो गेमनी पुढे तो जिंकला, सारखे असतील तर एक पॉइंट, आणि त्या पॉइंटला हँडिकॅप नाही. पुढचे चौघं तोवर आत येऊन उभे राहणार नाहीत, बेंचवर बसतील. चहा त्यानंतर.