विक्रमानंतरची वर्षं

इथं बसलेले बरेच जण रविवारी साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट सायकलनं चढतात. त्यामुळे तासाभरात ५१ किलोमीटर म्हणजे काय, हे तुम्हाला समजावून सांगायला नको. स्कॉटलंडचा सायकलपटू ग्रेम ओब्री यानं १७ जुलै १९९३ ला नॉर्वेतल्या हामारच्या ट्रॅकवर एका तासात ५१.५९६ किलोमीटर काढले आणि तासाभरात सर्वाधिक अंतर कापण्याचा, इटलीच्या फ्रान्सेस्को मोझरचा १९८४ चा विक्रम मोडला. आदल्याच दिवशी त्याचा प्रयत्न फसला होता. रात्रीत अंग आखडू नये म्हणून तो भरपूर पाणी पिऊन झोपला. लघवीला जाग येईल आणि उठलं की पाय ताणता येतील, एवढाच त्यामागचा हिशेब. सायकल त्यानं स्वतः बनवलेली, तिच्यात वॉशिंग मशीनचं बेअरिंग! हात छातीखाली दुमडून बसायची त्याची पद्धत आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेनं १९९४ मध्ये बंद केली. त्यानं हात पुढं ताणायची दुसरी पद्धत काढली आणि १९९५ मध्ये परसूट या ट्रॅकवरच्या शर्यतीचं जगज्जेतेपद पुन्हा जिंकलं. पुढं तीही बंद झाली.

इथपर्यंतची गोष्ट सगळे आवडीनं सांगतात. मला पुढची सांगायची आहे.

१९९४ मध्ये त्याचा भाऊ अपघातात गेला. ओब्रीला बायपोलर आजार होता, जीव द्यायचे प्रयत्नही झाले. आपण समलिंगी आहोत हे त्यानं २०११ मध्ये जाहीर सांगितलं. तो वाढला त्या वातावरणात हे उच्चारणंसुद्धा अशक्य होतं. हे सगळं तो स्वतः उघडपणे बोलला आहे, म्हणूनच मी बोलतोय. केवढं धैर्य लागलं असेल! माझ्या लेखी ते विक्रमापेक्षा मोठं आहे.

हात मात्र थांबले नाहीत. पालथं झोपून, डोकं पुढं ठेवून चालवायची सायकल त्यानं घरीच बनवली, जुन्या पातेल्याचा पत्रासुद्धा वापरला. ताशी १०० मैलांचं स्वप्न होतं. २०१३ मध्ये अमेरिकेत, वयाच्या ४८ व्या वर्षी, तो ५६ मैलांच्या वर गेला. म्हणजे ताशी ९० किलोमीटर, स्वतःच्या पायांच्या जोरावर.

आता आपल्या सातारा जिल्ह्याकडं या. गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले, तेव्हा बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढं पोलिसात नोकरी, निवृत्तीनंतर पेन्शनसाठी झगडा, १९८४ मध्ये अपघाती मृत्यू. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

म्हणून मंडळी, माझं मागणं साधं आहे. पोरांना सायकल शिकवताना चाकाची आउट काढायला, म्हणजे डगमगणारं चाक सरळ करायला, आणि हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, खोलायलाही शिकवा; शर्यती सुटल्यावर हाताला काम लागतं. आणि तुमच्या तालुक्यात खेळ सोडलेला कुणी पैलवान, कबड्डीपटू, सायकलपटू असेल, तर त्याच्याकडं जा, पण सत्काराचं निमंत्रण द्यायला नव्हे. झोप लागते का, घर कसं चाललंय, एवढं विचारा. उत्तर टाळलं तर पुढच्या आठवड्यात पुन्हा जा, आणि गरज वाटली तर त्याच्यासोबत डॉक्टरकडंही जा.