गुरूची बोली कोणती?

श्रोतेहो, नमस्कार. आज एका पुस्तकाबद्दल बोलायचंय, आणि सातपुड्यातल्या धडगावकडच्या एका म्हाताऱ्या बडव्याबद्दल. बडवा म्हणजे तिथल्या आदिवासींचा वैदू-मांत्रिक.

पुस्तक कार्लोस कास्तानेदा या अमेरिकन लेखकाचं. १९६८ साली ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रकाशनानं काढलं. डॉन हुआन नावाचा, मेक्सिकोतल्या याकी या आदिवासी जमातीचा मांत्रिक भेटला, त्याच्या हाताखाली आपण शिकलो, असं कास्तानेदानं लिहिलं. पुढे पुस्तकं वाढत गेली, लाखो प्रती खपल्या आणि १९७३ मध्ये त्याला मानववंशशास्त्राची डॉक्टरेटही मिळाली. डॉन हुआन मात्र दुसऱ्या कुणा अभ्यासकाला भेटला नाही. पुन्हा सांगतो, कुणालाच नाही.

कॉलेजात असताना या पुस्तकानं मला वेड लावलं होतं. माझा एक पावरा आदिवासी मित्र म्हणाला, "माझे आजे बडवा आहेत. चल." शहाद्याहून एसटीनं घाट चढून आम्ही संध्याकाळी त्याच्या पाड्यावर पोचलो. आजीनं चुलीच्या निखाऱ्यात वांगी भाजली होती. (गॅसवर भाजलेल्या वांग्याला मी आजही भरीत म्हणत नाही. वांग्याला काटक्यांचा धूर लागलाच पाहिजे.)

जेवणं झाल्यावर मी पुस्तकातली गोष्ट सांगू लागलो. निवडुंग खाल्ल्यावर दिसणारी दृश्यं, कावळा होऊन उडणं, सगळं. मित्र पावरीत सांगत होता. आजे सुपातले दाणे बोटानं सारत ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "त्या गुरूच्या घरी भाकर कोण करायचं?"

मला सांगता येईना.

"त्याच्या पाड्यातलं कोण आजारी पडलं, कोण बरं झालं?"

तेही पुस्तकात नव्हतं.

"बरं, त्याची बोली कोणती? झाडाला तो काय म्हणायचा?"

मी पानं चाळली. एकही याकी शब्द सापडेना. आजे काही बोलले नाहीत. सूप उचलून आत गेले.

पुढे कळलं, रिचर्ड डी मिल या संशोधकानं १९७६ च्या आपल्या पुस्तकात हेच विचारलं होतं: याकी गुरूच्या शिकवणीत याकी शब्द कुठेत? शिवाय पियोट हा निवडुंग याकींच्या परंपरेतलाच नाही, तो मेक्सिकोतल्याच हुइचोल या दुसऱ्या जमातीचा. इतकं उघड झालं तरी पुस्तकं खपत राहिली, तरुण मेक्सिकोत डॉन हुआनला शोधत फिरले. मला राग येतो तो याचा, की जगानं 'याकी' म्हणून जे डोक्यात भरून घेतलं त्यात याकी माणूसच नव्हता. आपल्या सातपुड्यावर कुणी असं लिहिलं, तर खरंखोटं तपासायला पाड्यावर कोण जाईल?

दुसऱ्या दिवशी पहाटे आज्यांनी मला डोंगरात नेलं. एका झुडपापाशी थांबले. मी पानाला हात लावणार, तोच त्यांनी मनगट धरलं. आधी त्या झुडपाचं पावरी नाव माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा नीट म्हटलं, तेव्हा हात सोडला.