कपाशीच्या रानातली गुडघेदुखी

(दृश्य: चोपडा तालुक्यातलं कपाशीचं रान. दिवाळीनंतरची सकाळ. बाया ओळीने कापूस वेचताहेत.)

निवेदन :
दिवाळी सरली की खान्देशात कापूस वेचणीला जोर येतो. कमरेला ओटी बांधायची, बोंडांपर्यंत वाकायचं, ओटी भरली की गाठोड्यात रिकामी करायची आणि पुन्हा ओळीला लागायचं. मजुरी किलोवर. संध्याकाळी काटा लागतो, म्हणून मधे टेकायला कुणालाच सवड नसते. दिवस कलल्यावर बांधावर बसलेल्या बाया उठू लागतात, तेव्हा बघा: आधी हात गुडघ्यावर जातात, मग कंबर वर येते. "मना गुडघा भलता दुखस," एक जण म्हणते. शेजारचीचं दुखणंही तेच.

घरी गेल्यावर मुलं, सुना, शेजारीपाजारी एकच सांगतात: आता आराम कर, फार चालू नको. सांगणाऱ्याचा जीव तुटत असतो, यात शंका नाही. पण झिजलेल्या गुडघ्याचं मोठं नुकसान याच सल्ल्यातून होतं.

(दृश्य: गुडघ्याच्या सांध्याचं चित्र. हाडांच्या टोकांवरचा पांढरा थर ठळक होतो.)

मांडीचं हाड आणि नडगीचं हाड जिथे भेटतात, तिथे दोन्ही टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. ही कूर्चा झिजते, तोच झिजेचा संधिवात. या कूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत. तिचं पोषण होतं सांध्यातल्या द्रवावर. पाऊल टेकलं की ती स्पंजासारखी दबते, पाऊल उचललं की द्रव शोषून घेते. माणूस महिनोन् महिने खाटेवर बसून राहिला की ही ये-जा मंदावते.

मांडीचे हाल तर त्याहून वाईट. उतारावर पाय टाकताना किंवा खाली बसताना जो धक्का बसतो, त्यातला बराचसा मांडीच्या पुढच्या बाजूचा स्नायू झेलतो. पाय वापरात नसला की काही आठवड्यांतच हा स्नायू बारीक होऊ लागतो. मग धक्का सांध्यावर येतो, दुखणं वाढतं, आणि वाढलं म्हणून चालणं आणखी कमी होतं. खान्देशातल्या कितीतरी घरांत ओसरीवरची खाट धरून बसलेल्या आजी दिसतात, त्यांतल्या अनेकींची सुरुवात अशीच झालेली असते.

एक्स-रेमध्ये झीज दिसली म्हणून धीर सोडू नका. फोटोत भरपूर झीज असलेली माणसं बऱ्यापैकी चालती-फिरती असतात आणि थोड्या झिजेची माणसं कळवळतात, हे डॉक्टरांना रोज दिसतं. उठता-बसता गुडघा कटकट वाजतो, पण दुखत नाही, सुजत नाही; अशा आवाजाची धास्ती घेऊ नये.

(दृश्य: ओसरी. प्लास्टिकची खुर्ची. साठीच्या आसपासच्या एक जिजी पदर खोचून बसल्या आहेत.)

आता जिजींच्या पायाकडे लक्ष द्या. पाठ खुर्चीला टेकलेली. उजवा पाय हळूहळू समोर सरळ केला, टाच पुढे, पायाची बोटं स्वतःकडे. मांडीचा स्नायू घट्ट झालेला साडीवरूनही कळतो. पाच आकडे मोजेपर्यंत पाय तसाच. आणि मग खाली आणताना घाई नाही. वर नेण्याइतकंच सावकाश खाली आणणं महत्त्वाचं, कारण स्नायूला खरं काम तिथेच पडतं. एका पायाने दहा वेळा, मग दुसऱ्या पायाने.

दुसरा व्यायाम पडल्या पडल्या होतो. गोधडीची गुंडाळी करून गुडघ्याखाली ठेवायची, गुडघ्याने ती खाली दाबायची, पाच मोजायचे, सोडायचं. ज्यांचा गुडघा फारच दुखतो त्यांनी इथून सुरुवात करावी.

तिसरा खुर्चीवरून उठण्याचा. हात न टेकवता उठायचं, सावकाश बसायचं. जमत नसेल तर खुर्चीवर दोन उशा ठेवून बैठक उंच करा; पाय बळकट झाले की एक उशी काढा, मग दुसरी. टाचा उचलायच्या असतील तर दाराची चौकट धरून उचला, तोल जाणार नाही.

एवढ्याला पैसा लागत नाही, चिकाटी मात्र लागते. फरक जाणवायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि बरेच लोक त्याआधीच सोडून देतात. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेने २०२२ साली सांध्यांच्या झिजेच्या उपचारांबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत गोळ्यांच्या आधी व्यायाम आणि वजन उतरवणं यांनाच जागा आहे.

व्यायाम करताना थोडं दुखणारच. किती दुखलेलं चालेल, याचा अंदाज हवा. व्यायामानंतर वाढलेलं दुखणं दोन तासांत शांत झालं तर मात्रा बरोबर आहे. रात्रभर ठणकलं, दुसऱ्या सकाळी गुडघा जास्त आखडला, तर व्यायाम निम्मा करा. बंद करू नका.

(दृश्य: पहाटेचा मेहरूण तलाव, जळगाव. फिरायला आलेले लोक.)

चालण्याची वेळ इथल्या हवेने ठरवावी लागते. जळगाव-भुसावळचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. तेव्हा सूर्य वर यायच्या आत घरी परतलेलं बरं. थंडीत उलटं. सातपुड्याच्या पायथ्याला पहाट चांगलीच बोचते, सांधे आखडतात. अशा दिवसांत गरम पाण्याने अंघोळ करून, ऊन अंगावर आल्यावर निघावं. काठी घेत असाल तर दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरा. बहुतेक जण दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि तिचा निम्मा उपयोग वाया जातो.

मुक्ताईनगरहून मुक्ताईची पालखी ज्येष्ठात निघते आणि महिनाभर चालून पंढरपूर गाठते. वर्षभर दुकानात बसलेले गुडघे एकदम त्या वाटेला लावले तर ते बोलणारच. ज्यांना जायचं आहे त्यांनी चैत्रापासूनच रोज थोडं थोडं अंतर वाढवत न्यावं.

(दृश्य: गच्चीवर वाळत घातलेले बिबडे आणि उडदाचे पापड. खाली बसून लाटणाऱ्या बाया.)

उन्हाळ्यात गल्लीतल्या बाया एकत्र बसतात: बिबडे, पापड, शेवया. गप्पा रंगतात आणि तीन-तीन तास मांडी मोडत नाही. पूर्ण दुमडलेल्या गुडघ्यावर दाब फार असतो, त्यात उकिडवं बसणं सगळ्यात वाईट. पोळपाट टेबलावर घ्या, स्वतः खुर्चीवर बसा. अर्ध्या तासाने उठून अंगणात एक फेरी मारा. शौचालयात कमोडची खुर्ची मिळते, ती बसवायला संकोच नको. हाताची बोटं दुखत असतील तर विळ्याच्या, सुरीच्या मुठीला जुन्या सुती साडीची चिंधी घट्ट गुंडाळून मूठ जाड करा. पकडायला जोर कमी लागतो.

वांग्याबद्दल बोलल्याशिवाय खान्देशात हा विषय पुरा होत नाही. सांधे दुखू लागले की पहिली बंदी भरतावर येते, मग दही, चिंच. पण वांग्याने किंवा आंबट खाण्याने गुडघ्याची झीज वाढते, याला भक्कम पुरावा नाही. एखाद्याला खरंच त्रास होत असेल तर त्याने टाळावं. बाकीच्यांनी भरितात ओतलेल्या तेलाकडे बघावं, शेवभाजीवरच्या तर्रीकडे बघावं. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की एक किलो वजन उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. दिवसाची पावलं किती पडतात, याचा विचार करा. कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, पालेभाजी, हे आपलं जुनं जेवण या कामाला उत्तम आहे. फक्त भाकरीवरचं तेल मोजून घ्यायचं.

(दृश्य: बाजारपेठेतलं मेडिकल. काउंटरवर पैसे, समोर सुट्ट्या गोळ्या.)

इथे जरा थांबावं लागेल. दुखण्याची गोळी चिठ्ठीशिवाय घेऊन, वरून दिवसभर उन्हात राबायचं, हे आपल्याकडे सर्रास चालतं. डायक्लोफेनॅकसारखी गोळी मूत्रपिंडाला होणारा रक्तपुरवठा कमी करते. घामाने अंगातलं पाणी आधीच आटलेलं असलं तर तो घाव दुहेरी बसतो. ज्यांना रक्तदाब, मधुमेह किंवा पोटात व्रण आहे, त्यांनी तर स्वतःच्या मनाने ती घेऊच नये. आठवडी बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांपासूनही दूर राहा. अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. दोन दिवसांत जादू झाल्यासारखं वाटतं, आणि काही महिन्यांनी चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात.

(दृश्य: दोन्ही हातांची बोटं. मधले सांधे सुजलेले.)

आतापर्यंत सांगितलं ते झिजेच्या संधिवाताबद्दल. आमवात हा वेगळा आजार आहे. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते. तो तिशी-पस्तिशीच्या बाईलाही होतो. दोन्ही हातांची बोटं, मनगटं सारखीच सुजतात, गरम लागतात, थकवा येतो. झिजेमध्ये सकाळचं आखडणं बहुधा अर्ध्या तासात सुटतं. आमवातात तासभर, कधी त्याहून जास्त वेळ मूठ वळत नाही. इथे व्यायाम सोबतीला हवा, पण नुसत्या व्यायामाने आजार थांबत नाही. योग्य औषधं पहिल्या काही महिन्यांत सुरू झाली तर बोटं वाकडी होण्यापासून वाचवता येतात.

म्हणून डॉक्टरांकडे जाण्याआधी आठवडाभर एक करा. सकाळी उठल्यावर घड्याळ बघा, मूठ पूर्ण वळेपर्यंत किती मिनिटं गेली ते कॅलेंडरच्या त्या तारखेवर लिहून ठेवा, आणि ते पान तपासणीला जाताना बरोबर न्या.