अधूनमधून वाचणारा माणूस कुठे गेला?

प्रौढ माणसं पुस्तकं वाचेनाशी झाली आहेत, असं म्हटलं की समोरून हमखास एक आक्षेप येतो. ही रड प्रत्येक पिढीची असते, कादंबऱ्या आल्या तेव्हाही लोक बिघडले म्हणत होते, टीव्ही आला तेव्हाही. आक्षेप रास्त आहे. म्हणून आधी आकडे पाहू आणि मग त्यांच्या मागे काय घडलंय ते पाहू.

अमेरिकेत ‘नॅशनल एन्डोमेंट फॉर द आर्ट्स’ ही सरकारी संस्था वर्षानुवर्षं प्रौढांना एक साधा प्रश्न विचारत आली आहे. अभ्यासासाठी किंवा नोकरीसाठी नव्हे, आपणहून, गेल्या वर्षभरात एखादं तरी पुस्तक वाचलंत का? १९९२ साली सुमारे ६१ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. २०१२ साली ५५ टक्क्यांच्या आसपास, आणि २०२२ साली ४८.५. अट काय होती, तर वर्षातून एक पुस्तक. तीही निम्म्या लोकांना पुरी करता आली नाही. जपानमध्ये सरकारच्याच २०२३ च्या पाहणीत महिन्याला एकही पुस्तक न वाचणारे ६२.६ टक्के निघाले. आणि ब्रिटनमध्ये २०२४ साली प्रौढांना विचारलं, तेव्हा निम्मेच नियमित वाचणारे होते. ३५ टक्क्यांचं उत्तर होतं, पूर्वी वाचायचो, आता सुटलं.

हे ‘सुटलं’ म्हणणारे लोक मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटतात. ते निरक्षर नाहीत, त्यांना पुस्तकांचा तिटकारा नाही. एके काळी त्यांनी रात्र रात्र जागून वाचलेलं आहे.

आता आणखी एक आकडा, कारण मला जे सांगायचं आहे ते त्यातच आहे. लोक दिवसभरात कशाला किती वेळ देतात, याची नोंद अमेरिकेत दरवर्षी होते. त्यानुसार एखाद्या दिवशी स्वतःच्या आनंदासाठी काहीही वाचणारे, म्हणजे पुस्तक, मासिक, वर्तमानपत्र सगळं धरून, २००४ साली २८ टक्के होते. २०२३ साली १६ टक्के उरले. पण जे वाचतात, त्यांचा वाचनाचा वेळ कमी झालेला नाही. उलट थोडा वाढला आहे. म्हणजे अट्टल वाचक जागच्या जागी आहे. नाहीसा झाला तो मधला माणूस. वर्षाला चार-सहा पुस्तकं वाचणारा, कुणी चांगलं म्हटलं म्हणून हातात घेणारा, आवडलं तर शेजाऱ्याला देणारा. स्वतःला वाचक म्हणवून न घेणारा.

हा माणूस वाचायचा कधी? वाट बघताना, प्रवासात, जेवणानंतर, झोपण्यापूर्वी. वाचनासाठी त्याने कधी वेळ काढला नव्हता. वेळ उरायचा आणि तो पुस्तकाच्या वाट्याला यायचा. अट्टल वाचक वेळ राखून ठेवतो, म्हणून तो तरला. उरलेला वेळ मात्र फोनने पुरता गिळला. फोनवर सगळं खापर फोडू नये, हेही सांगतो. १९९२ ते २००२ या दहा वर्षांतच पुस्तक वाचणारे चार टक्क्यांहून अधिक घटले होते, आणि आजच्या धर्तीचा पहिला आयफोन आला २००७ साली. घसरण आधीच सुरू होती. कामाचे तास घरात शिरले होते, घरोघरी वाहिन्या वाढल्या होत्या. फोनने शेवटची पाच-दहा मिनिटंही काढून घेतली.

मग वेळ मिळाला की हा माणूस पुन्हा वाचू लागेल? इथे खरी अडचण आहे. लेखनाचा शोध लागून जेमतेम पाच हजार वर्षं झाली, त्यामुळे मेंदूत वाचनासाठी जन्मजात अशी जागा नाही. आकार आणि वस्तू ओळखणाऱ्या भागातला एक तुकडा आपण लहानपणी घोटून घोटून अक्षरांच्या कामाला लावतो. अक्षरओळख सहसा जात नाही. पण लांब मजकूर धरून ठेवण्याचा दम असतो, तो तालमीतल्या अंगासारखा सरावाने येतो आणि सरावाविना ओसरतो.

बऱ्याच वर्षांनी कादंबरी उघडणाऱ्या माणसाकडे जरा जवळून पाहा. वाचताना डोळा ओळीवरून सरकत नाही, तो उड्या मारतो. प्रत्येक थांब्यावर साधारण पाव सेकंद टेकतो आणि अधूनमधून मागे वळतो. सराईत वाचकाचाही वळतो. पहिल्या पानावर तीन नावं आली, दुसऱ्यावर आणखी दोन. चौथ्या पानावर ‘ती’ म्हणजे कोण, हे आठवेना, म्हणून मागे जायचं. परिच्छेद संपतो आणि लक्षात येतं की डोळे फिरले, मन दुसरीकडेच होतं. पुन्हा तोच परिच्छेद. सातव्या पानाशी हात आपोआप फोनकडे जातो. पुस्तक पालथं पडतं ते पडतंच, आणि माणूस ठरवून टाकतो, ‘आता माझ्याच्याने वाचन होत नाही.’ हा निष्कर्ष चुकीचा आहे. कोणत्याही पुस्तकाची पहिली वीसेक पानं जडच जातात. माणसं, जागा, लेखकाची बोलण्याची ढब, सगळं नवं असतं. रोज वाचणाऱ्याला हे ठाऊक असतं, म्हणून तो नेटाने पुढे जातो. सुटलेल्या वाचकाला वाटतं, दोष आपल्यात आहे.

कागद की पडदा, या वादात मी फार शिरणार नाही. २०१८ साली ५४ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा माहितीपर मजकूर कागदावर जास्त चांगला समजतो, असं दिसलं. गोष्टींच्या बाबतीत तसा फरक आढळला नाही. ई-पुस्तकावर कादंबरी वाचत असाल तर खुशाल वाचा.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. वाचनासाठी जे काही केलं जातं, ते बहुतेक मुलांसाठी. स्पर्धा मुलांच्या, शिबिरं मुलांची, बक्षिसंही त्यांनाच. आणि मुलांना ‘वाच’ म्हणणारा मोठा माणूस घरात पुस्तकाशिवाय बसलेला. त्याच अमेरिकी नोंदींमध्ये एखाद्या दिवशी मुलांसोबत वाचणारे प्रौढ अवघे दोन टक्के भरले. शिक्षण संपलं की पुढची चाळीस-पन्नास वर्षं या माणसाला कुणी विचारत नाही, बाबा रे, सध्या काय वाचतोयस?

ग्रंथालयांत काम करणारे कुणी हे वाचत असतील, तर त्यांना माझी एक विनंती आहे. ‘पुन्हा वाचायला लागायचंय’ म्हणून एखादा पन्नाशीचा माणूस आला, तर त्याला थोर ग्रंथांच्या कपाटाकडे नेऊ नका. पूर्वी त्याला काय आवडायचं ते विचारा. त्याच जातीचं, दीडशे पानांच्या आतलं पुस्तक द्या. रहस्यकथा असली तरी चालेल, शिकारकथा असली तरी चालेल. वीस पानं वाचून नाही रुचलं तर बिनदिक्कत परत आणा, दुसरं देतो, असं आधीच सांगून ठेवा. आणि पुस्तक परत करायला आला की नुसता शिक्का मारून सोडू नका. कसं वाटलं, ते विचारा. त्याच्याशी पुस्तकाबद्दल बोलणारे कदाचित तुम्ही एकटेच असाल.