सव्वाचार फूट

(पडदा काळा. सूत कातणाऱ्या यंत्रांची घरघर. आवाज वाढत जातो आणि एक कृष्णधवल छायाचित्र उजळतं.)

डिसेंबर १९०८. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातलं व्हिटनेल. सूतगिरणीतला लांबलचक बोळ. एका अंगाला खिडक्या, दुसऱ्या अंगाला बॉबिनांच्या रांगा, आणि मधे एक मुलगी. कॅमेऱ्याकडे सरळ बघते आहे. हसत नाही, लाजतही नाही.

छायाचित्रकाराने या चित्राला एक टाचण जोडलंय. त्यात काय आहे ऐका. उंची ५१ इंच. गिरणीत लागून एक वर्ष झालं. कधी कधी रात्रपाळी. चार साइड चालवते. रोज ४८ सेंट. वय विचारलं तर घुटमळली, म्हणाली, "आठवत नाही." मग विश्वासाने, हळूच: "कामाला लागण्याएवढी मोठी नाहीये मी. पण करते." पन्नास कामगारांत हिच्याएवढी दहा मुलं.

'चार साइड' म्हणजे काय, हे गिरणगावात रिंग खात्यात राबलेल्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. सूत कातायच्या यंत्राला दोन बाजू असतात, प्रत्येक बाजूला चात्यांची रांग. त्या रांगांमधून फिरत राहायचं, धागा तुटला की चटकन जोडायचा आणि पुढे सरकायचं. पाळी संपेपर्यंत हेच.

५१ इंच म्हणजे सव्वाचार फूट. पण हा आकडा आला कुठून? गिरणीत कोणी टेप काढून पोरांची मापं घ्यायला लागला असता, तर मुकादमाने त्याला तिथूनच बाहेर काढलं असतं.

आकडा आला छायाचित्रकाराच्या कोटाच्या बटणांवरून. कोटाचं कोणतं बटण जमिनीपासून किती इंचांवर आहे, हे या माणसाने आधीच मोजून ठेवलेलं असायचं. मूल बोलता बोलता जवळ येऊन उभं राहिलं, की डोकं कोणत्या बटणाला लागतं तेवढं बघायचं. एक हात खिशात. खिशातल्या कागदावर, न बघता, पेन्सिल चालू.

(पडद्यावर: लुइस हाइनचं छायाचित्र.)

हा लुइस हाइन. जन्म १८७४, विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉश या गावी. ऐन तारुण्यात वडील अपघातात गेले आणि पोरगा फर्निचरच्या कारखान्यात लागला. दिवसाचे तेरा तास, आठवड्याचे सहा दिवस, पगार आठवड्याला ४ डॉलर. पुढे शिकला, न्यूयॉर्कला आला, शाळेत मास्तर झाला. कॅमेरा हातात आला तोही शाळेच्या कामासाठी. न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस बेटावर उतरणाऱ्या स्थलांतरितांची चित्रं काढता काढता हात बसला. १९०८ साली मास्तरकी सोडून तो राष्ट्रीय बालकामगार समितीचा पूर्णवेळ छायाचित्रकार झाला. ही समिती १९०४ साली स्थापन झालेली. तिचं म्हणणं सोपं होतं: मुलं राबतात हे सगळ्यांना ऐकून ठाऊक आहे, आता ते दाखवलं पाहिजे.

ऐकून तर ठाऊक होतंच. १९०० सालच्या जनगणनेत १० ते १५ वर्षांची साडेसतरा लाख मुलं कामाला असल्याची नोंद आहे. म्हणजे त्या वयाच्या दर पाच-सहा मुलांमागे एक. आकडा मोठा होता, आणि मोठ्या आकड्याची एक सोय असते: त्याला चेहरा नसतो, त्यामुळे झोप लागते.

मालक काही दार उघडून या म्हणणार नव्हते. मग हाइन सोंगं घ्यायचा. कधी आगीच्या बंदोबस्ताची तपासणी करणारा इन्स्पेक्टर, कधी बायबल विकणारा, कधी पोस्टकार्डवाला. कधी यंत्रांचे फोटो काढायला आलोय म्हणायचं, आणि यंत्र केवढं मोठं आहे ते कळावं म्हणून शेजारी एखादं पोरगं उभं करायचं. काहीच जमलं नाही तर पाळी सुटायच्या वेळी फाटकाबाहेर उभं राहायचं.

आणि हे सगळं पाच बाय सातच्या काचेच्या प्लेटा, लाकडी पेटीचा कॅमेरा आणि तिकाटणं सांभाळत. आत उजेड नसला की मॅग्नेशियमची पूड पेटवायची. डोळे दिपवणारा लोळ उठायचा आणि मागे पांढरा धूर. चोरून फोटो काढण्यासाठी याहून अडचणीचं सामान शोधून सापडणार नाही.

(पडद्यावर: न्यूबेरी, साउथ कॅरोलायना, डिसेंबर १९०८.)

न्यूबेरीच्या गिरणीतली ही चिमुरडी बघा. हिच्याबद्दल विचारलं तर मुकादम ओशाळून म्हणाला, "ती सहज आलीय आत." हाइनने हे उत्तर लिहून घेतलं आणि खाली जोडलं, की मुलगी एकसारखी काम करत होती, गिरण्या अशा 'सहज आलेल्या' आणि 'ताईला मदत करणाऱ्या' पोरांनी भरलेल्या दिसतात.

मला हाइन आवडतो तो इथे. तो ओरडत नाही. समोरच्याचं खोटं नीट अवतरणात ठेवतो आणि बाजूला होतो.

(पडद्यावर: मेकन, जॉर्जिया, जानेवारी १९०९.)

जॉर्जियातली ही दोन पोरं. अनवाणी. यंत्राच्या कडेवर चढून उभी आहेत, कारण जमिनीवरून हात पुरत नाही. रिकामी बॉबिनं बसवायची, तुटलेले धागे जोडायचे. पायाखाली चालू यंत्र. हाइनचं टाचण एवढंच सांगतं, की काही मुलं इतकी लहान होती की त्यांना यंत्रावर चढावं लागायचं.

आता कापूस सोडून कोळशाकडे.

(आवाज बदलतो. दगड घसरत गेल्यासारखा खडखडाट.)

जानेवारी १९११. पेनसिल्व्हेनियातलं पिट्सटन. इथला कोळसा कठीण, चकचकीत, अँथ्रासाइट. खाणीतून वर येतो तो पाटीच्या दगडासकट. तो फोडून, वेगळा करून साफ करायची उंच इमारत असते, तिला म्हणतात ब्रेकर. वरून खालपर्यंत उतरत्या पन्हळी. त्या पन्हळींवर आडव्या फळ्या, आणि फळ्यांवर ओळीने बसलेली मुलं. पायांमधून कोळसा घसरत जातोय, वाकून त्यातला दगड हाताने वेचायचा. हातमोजे नाहीत. नव्या पोराची बोटं सुजायची, फुटायची, रक्त यायचं. कातडी निबर होईपर्यंत सोसायचं.

चित्रात काही क्षण थांबू या. पंचवीस-तीस पाठी दिसतात. सगळ्या सारख्याच वाकलेल्या, टोप्या सारख्याच. खिडकीतून येणारा उजेड धुळीत अडकलाय. एखादा चेहरा वळलेला, तो काळा, फक्त डोळे पांढरे. आणि एका बाजूला उभा असलेला मोठा माणूस. हाइन लिहितो: धूळ अधूनमधून इतकी दाट व्हायची की समोरचं दिसेना, ती मुलांच्या फुप्फुसांत खोलवर शिरत होती, आणि गुलामांवर नेमलेल्या मुकादमासारखा एक जण कधी कधी त्यांच्या डोक्यावर उभा राहतो, ढोसतो, लाथा घालतो.

त्याच महिन्यात त्या भागातल्या एका ब्रेकरमधे दोन मुलं कोळशाबरोबर खाली वाहून गेली. एक भाजला. दुसरा गुदमरून मेला. हेही हाइनच्या टाचणात आहे, मजुरीच्या आकड्यासारखंच, कोरड्या अक्षरांत.

(यापुढची चित्रं भरभर: काचकारखाना, इंडियाना, वर्तमानपत्रं विकणारी पोरं, सेंट लुइस, कालवं सोलणाऱ्या मुली, मिसिसिपी, मासे कापणारी मुलं, मेन.)

रात्री नऊला काचकारखान्यात उभी असलेली मुलं. सकाळी अकराला सिगारेट ओढत उभे असलेले पेपरवाले, टोपी तिरकी. मेन राज्यात सार्डिन मासे कापणारी मुलं, हातात मोठ्या माणसाच्या हातातली सुरी आणि बोटांवर चिंध्या. आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधे या संग्रहातली पाच हजारांवर चित्रं आहेत.

ती त्या काळी कपाटात पडून राहिली नाहीत. हाफटोन छपाईमुळे, म्हणजे बारीक ठिपक्यांनी फोटो छापायच्या पद्धतीमुळे, छायाचित्र आता थेट मासिकाच्या पानावर येत होतं. समिती पत्रकं छापायची, स्लाइड दाखवायची, सभांमधे फलक लावायची. एका फलकावर निरोगी मुलं, मधे कारखाना, शेवटी खंगलेले चेहरे, आणि मथळ्यात शब्द होता भंगार. माणसाचं भंगार.

मालकांनी साहजिकच कांगावा केला, की फोटो बनावट आहेत. हाइनला याची कल्पना होती. १९०९ सालच्या एका भाषणात तो म्हणाला होता, की छायाचित्रं खोटं बोलत नसतील, पण खोटं बोलणारे छायाचित्रं काढू शकतात. म्हणून ती बटणं. म्हणून नाव, गाव, तारीख, मजुरी, पाळी, शक्य असेल तिथे वयाचा लेखी पुरावा. नुसता फोटो नाकारता येतो. जागा, दिवस आणि इंच लिहिलेला फोटो नाकारायचा तर त्या गिरणीत जाऊन मुलगी मोजावी लागते.

(पडद्यावर: वॉशिंग्टन, सर्वोच्च न्यायालय.)

कायदा झाला १९१६ साली, कीटिंग-ओवेन कायदा. चौदाच्या आतली मुलं राबवणाऱ्या कारखान्याचा माल राज्याबाहेर पाठवायला बंदी. आपल्याकडे मुंबईच्या गिरण्यांना लागू झालेला फॅक्टरी कायदा १८८१ सालचा. त्यात किमान वय होतं सात, तेव्हा छाती फुगवण्यासारखं काही नाही. पण अमेरिकेत देशभर लागू होणारा पहिला कायदा त्यानंतर पस्तीस वर्षांनी आला, आणि टिकला नऊ महिने.

शार्लट गावच्या गिरणीत काम करणाऱ्या एका बापाने दावा लावला, की माझ्या दोन मुलांच्या कमाईवर माझा हक्क आहे, सरकार कोण आड येणार? नाव बापाचं, वकील गिरणीमालकांचे. जून १९१८ मधे सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी कायदा रद्द केला. मुलं जिंकली म्हणायची.

काही वर्षांनी त्यातल्या एका मुलाला एका पत्रकाराने गाठलं. तो आता विशीत होता, लग्न झालेलं, वजन १०५ पौंड. म्हणजे ४८ किलोच्या आत. खटला जिंकून काय मिळालं, असं विचारल्यावर तो म्हणाला, मोठे वकील आले होते तेव्हा मोटारीतून फिरायला मिळालं. आणि हो, कोका-कोला पाजला होता.

मग १९१९ साली मुलं राबवणाऱ्या कारखान्यांवर कर लावून बघितला. १९२२ मधे तोही रद्द. १९२४ साली घटनादुरुस्ती मांडली; पुरेशी राज्यं कधी तयारच झाली नाहीत. शेवटी १९३८ साली मजुरी आणि कामाचे तास ठरवणारा कायदा आला, त्यात बालमजुरीवर बंदी होती. न्यायालयाने तो उचलून धरला फेब्रुवारी १९४१ मधे.

एक गोष्ट मात्र बोललीच पाहिजे. दक्षिणेतल्या गिरण्यांत गोऱ्यांनाच काम मिळायचं, त्यामुळे हाइनच्या गिरणीच्या चित्रांत गोरी मुलं आहेत. काळी मुलं कापसाच्या शेतात होती. हाइनच्या संग्रहात ती फार थोडी दिसतात, आणि १९१६ च्या कायद्यात शेती नव्हतीच. अमेरिकेत आजही शेतावर बारा वर्षांचं मूल, आईबापांची परवानगी असेल तर, शाळेच्या वेळेबाहेर कायद्याने काम करू शकतं. ज्याचा फोटो निघाला त्याचा कायदा आधी झाला.

हाइन पुढे एम्पायर स्टेट इमारतीवर चढला, तुळयांवर लोंबकळणाऱ्या कामगारांची चित्रं काढली, नावाजला गेला. मग कामं आटली. घर हातचं गेलं. ३ नोव्हेंबर १९४० ला तो वारला, न्यायालयाच्या त्या निकालाच्या बरोबर तीन महिने आधी. त्याची चित्रं न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाला देऊ केली होती. त्यांनी नको म्हटलं.

(पडद्यावर: नॉर्थ पावनल, व्हर्माँट, ऑगस्ट १९१०. यंत्राला टेकून उभी असलेली बारा वर्षांची मुलगी.)

ही मुलगी १९९८ साली टपाल तिकिटावर आली. ३२ सेंटचं तिकीट. ती कोण हे तोवर कोणाला नीट माहीत नव्हतं, कारण कागदोपत्री आडनाव चुकीचं चढलं होतं. पुढे दोन लेखकांनी जनगणनेची पानं चाळून तिचा माग काढला. तिकीट निघण्याच्या पाच वर्षं आधी, नव्वदी ओलांडून, ती वारली होती. आपला फोटो एवढा गाजलाय हे तिच्या कानावर कधी गेलंच नाही.

(शेवटचं चित्र. इंडियानापोलिस, ऑगस्ट १९०८. आवाज नाही.)

आणि हा एक पेपरवाला. काखेत वर्तमानपत्रं, ऊन तोंडावर. त्याच्या पायांपाशी एक सावली पडलीय. हॅट घातलेला माणूस आणि शेजारी तिकाटण्यावरचा कॅमेरा. चित्र काढताना उन्हाकडे पाठ होती, त्यामुळे स्वतःची सावली चौकटीत आली. प्लेट टाकून देता आली असती. त्याने टाकली नाही, खाली टाचण लिहिलं:

काही दिवस ७५ सेंट मिळतात. रविवारी पहाटे सहाला सुरुवात.