नाव पाच वेळा
(लघुमाहितीपटाचं निवेदन)

दृश्य : पहाट. अक्कलकोट रोडवरची एमआयडीसी. पत्र्याची शेड, आतून मागांचा खडखडाट. आवाज जरा खाली आल्यावर निवेदन सुरू.

सोलापुरी चादर घेताना जाणता माणूस आधी काठ उलगडून बघतो. काठात कारखान्याचं नाव असतं, या कडेपासून त्या कडेपर्यंत ओळीने. ते छापलेलं नसतं, भरतकामाचंही नसतं, चादरीच्याच धाग्यांतून उभं राहिलेलं असतं. चादर विरेल तेव्हाच ते नाव जाईल.

यंदा या कारखान्याने २२ चादरींच्या काठातून स्वतःचं नाव काढलं आणि तिथे २२ माणसांची नावं घातली.

दृश्य : रुग्णालयाच्या आवाराबाहेरचा रस्ता, रात्र. चहाची गाडी. हातात वह्या घेतलेले तिघे-चौघे.

हे २२ जण सरकारी रुग्णालयाच्या आवारात आळीपाळीने रात्रपाळी करतात, बिनपगारी. केसपेपर कुठे निघतो, रक्तपेढीत कोणती चिठ्ठी दाखवायची, औषधाची खिडकी रात्री कोणती उघडी असते, हे गावाकडून आलेल्या नातेवाइकांना सांगतात. अक्कलकोटकडून, सीमेपलीकडून आलेल्यांशी कन्नडमध्ये बोलतात, तेलुगूही चालते. वॉर्डात कॅमेरा नेलेला नाही, त्यामुळे तिथलं काही इथे दिसणार नाही.

कारखान्याची त्यांच्याशी ओळख सेकंड मालामुळे झाली. कुठे धागा सुटलेला, कुठे डाग पडलेला, असा माल हे लोक मागून नेतात. नातेवाईक जिन्याखाली, व्हरांड्यात फरशीवर झोपतात, त्यांच्यासाठी. सत्कार करायचं ठरलं तेव्हा शाल, श्रीफळ आणि ट्रॉफी असं नेहमीचं सुचवून झालं. ट्रॉफीवरचं स्टिकर दुसऱ्या उन्हाळ्यात सुटतं. ज्याच्या घरी माग आहे त्याने दुकानातून शाल आणावी, हेही जरा विचित्रच.

दृश्य : ग्राफचा कागद, पेन्सिल. जवळून.

काम कागदावर सुरू होतं. हा माग ४०० हुकांच्या जकार्डचा. जकार्ड म्हणजे मागावरचं यंत्र, पुठ्ठ्याच्या कार्डांवरची भोकं बघून कोणता उभा धागा उचलायचा ते ठरवणारं. वीण दुपदरी, म्हणजे प्रत्येक चौकटीला दोन धागे, एक पांढरा आणि एक मरून. म्हणून ४०० हुकांतून नक्षीसाठी २०० उभे रकाने मिळतात. चादरीची रुंदी ६० इंच, ताण्याचे, म्हणजे उभे धागे २०००. एकेका हुकाला पाच धागे, दर १२ इंचांवर एक. त्यामुळे या मागावर नाव एकदा विणताच येत नाही. आलं तर पाच वेळा येतं.

आता त्या २०० रकान्यांत ‘मल्लिकार्जुन’ बसवून दाखवा. सोलापुरात घराघरात असणारं नाव, आणि नक्षी काढणाऱ्याची परीक्षा बघणारं. उभी रेघ तीन रकान्यांपेक्षा बारीक केली की विणीत हरवते. ‘ल्ल’मधला अर्धा ल, ‘र्जु’वरचा रफार, खालचा उकार, सगळ्यांना जागा हवी. ‘अंबादास’मधला अनुस्वार एका चौकटीचा ठेवला तर तो अनुस्वार वाटतच नाही, धागा चुकल्यासारखा दिसतो. तो चार बाय चार चौकटींचा करावा लागतो. आडनाव बसवायचं तर दुसरी ओळ हवी आणि कार्डं दुप्पट. म्हणून फक्त पहिलं नाव. लिहायचं कसं, हे ज्याचं त्याच्याकडून कागदावर लिहून घेतलं. ऐकून लिहिलं असतं तर ‘नरसय्या’चा ‘नरसया’ व्हायला वेळ लागला नसता.

दृश्य : पंचिंगची, म्हणजे कार्डांना भोकं पाडायची खोली. पेटीच्या कळांवरून फिरावीत तशी फिरणारी बोटं, पायाखाली पेडल.

ग्राफवरच्या आडव्या ओळी ४८. प्रत्येक ओळीला धोट्याच्या दोन फेऱ्या, एक पांढऱ्या बाण्याची, म्हणजे आडव्या धाग्याची, एक मरून बाण्याची. प्रत्येक फेरीला एक कार्ड. म्हणजे एका नावाला ९६ कार्डं. दोन अंबादास निघाले, दोघांच्या चादरी ओवलेल्या कार्डांच्या एकाच साखळीवर झाल्या. उरल्या २१ साखळ्या, २०१६ कार्डं.

कार्ड म्हणजे जाड पुठ्ठ्याची पट्टी. भोक असेल तिथे जकार्डची सुई आत जाते, हुक वर उचलणाऱ्या पात्यावर अडकलेला राहतो, धागा उचलला जातो. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते आणि हुक पात्यावरून सुटतो. एवढंच. पण ही भोकं पाडणारा माणूस ग्राफची ओळ डोळ्यांनी वाचतो आणि आठ कळांवर बोटांनी लिहितो. एका नावाची कार्डं पंच करून दोरीत ओवायला जवळजवळ अख्खी पाळी जाते. इलेक्ट्रॉनिक जकार्ड असतं तर २२ नावं संगणकावर एका दुपारीत झाली असती. या शेडमध्ये ते नाही, आणि आता हे काम येणारे हातही पूर्व भागात, सोलापूरच्या मागवाल्यांच्या वस्तीत, थोडेच राहिलेत. म्हणून ही खोली जरा जास्त वेळ दाखवली आहे.

दृश्य : पाऊस. शेडचं गळणारं पन्हाळं. कपाटात पेटलेला बल्ब.

सत्काराची तारीख १० ऑक्टोबर. चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा केलेल्या डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म याच तारखेला, १९१० साली, याच शहरातला. त्यामुळे विणायला सप्टेंबर आला, आणि सोलापुरातला भरवशाचा पाऊस सप्टेंबरचाच. सुताला दमट हवा मानवते, धागा कमी तुटतो. पुठ्ठ्याला मात्र ती सोसत नाही. कार्ड फुगलं की कार्डं फिरवणाऱ्या सिलिंडरच्या खुंटीवर नीट बसत नाही, सुई भोकाच्या कडेला धडकते आणि धागा उचललाच जात नाही. यावर उपाय जुनाच. कार्डांना वॉर्निशचा हात द्यायचा, कपाटात बल्ब पेटता ठेवायचा, आणि साखळी मागावर चढवायची ती विणायच्या वेळीच.

दृश्य : जॉबर, म्हणजे माग लावणारा-दुरुस्त करणारा कारागीर, मागावर चढतो. साखळी बदलतो. माग सुरू.

काठ आला की माग थांबतो. चादरीची मुख्य साखळी उतरते, नावाची चढते. ९६ फेऱ्या, पावणेतीन इंचांच्या आसपास कापड, पुन्हा थांबा, पुन्हा अदलाबदल. नाव खालून वर विणलं जातं. आधी उकार दिसतात, मग अक्षरांचे पाय, मग पोट, मग शिरोरेघ येऊन सगळ्यांना जोडते, आणि शेवटी तिच्या वरचे रफार, वेलांट्या, अनुस्वार. शिरोरेघ येईपर्यंत कोणाचं नाव आहे ते कळत नाही.

(इथे निवेदन नाही. धोट्याचा आवाज. नाव पूर्ण होईपर्यंत.)

दृश्य : कापडावर फिरणारा हात. एका जागी थांबतो.

चादरीत उभी रेघ आली. जॉबर आधी मोजतो. रेघ पाचही नावांत त्याच जागी असेल तर दोष वर आहे, हुकात नाहीतर सुईत. एकाच नावात असेल तर हुकाखालची दोरी तुटलीय किंवा ताण्याचा तो एक धागा गेलाय. रेघेऐवजी नुसता ठिपका असेल तर एका कार्डात भोक पाडायचं राहिलंय. चुकून पडलेलं भोक कागदाची चकती चिकटवून बुजवता येतं. नावाच्या मध्येच वीज गेली तर पुन्हा सुरू करताना पट्टा उमटतो, अक्षरं तिथे दाट किंवा विरळ होतात. त्याला उपाय नाही, तेवढं कापड उसवायचं किंवा चादर सोडून द्यायची.

साखळी उलटी चढली तर नाव आरशातल्यासारखं येतं. घाईत हे कळत नाही, कारण चादर दोन्ही बाजूंनी वापरायची. मागच्या बाजूला रंगांची अदलाबदल होते, तिथे नाव उलटं दिसतंच. पुढची बाजू कोणती ते ठरवून प्रत्येक कार्डाच्या एकाच टोकाला आकडा टाकायचा आणि सगळे आकडे एका हाताला ठेवायचे. असं एकदा चुकलं, आणि चादर निघेपर्यंत कोणाच्या ध्यानात आलं नाही.

दृश्य : धुण्याचा हौद. पांढऱ्या फडक्यावर दाबलेला नमुना.

मरून रंग पक्का नसेल तर पहिल्याच धुण्यात पांढरं नाव गुलाबी होतं. नमुन्याला पांढरं फडकं शिवून कोमट साबणाच्या पाण्यात अर्धा तास ठेवलं. फडकं पांढरंच राहिलं. मग दशा कापल्या, सुटे धागे खुडले, घड्या घातल्या. घडी अशी, की नाव वर यावं.

दृश्य : शेडच्या अंगणात सतरंजी, प्लास्टिकच्या खुर्च्या. चादरी उलगडल्या जातात. चेहरे.

(निवेदन नाही.)

कार्यक्रम वीस मिनिटांत आटोपला. रात्रपाळीच्या वहीत वर्षभरात ज्यांच्या किमान ४० सह्या, त्यांनाच चादर, असा नियम होता. काहींच्या सह्या कमी पडल्या, ते पाहुणे म्हणून आले होते. पुढच्या आठवड्यात वहीत दोन नवी नावं दिसली.

दृश्य : पंचिंगच्या खोलीत खुंट्यांवर टांगलेल्या साखळ्या, प्रत्येकीला चिठ्ठी.

काम झालेली कार्डं रद्दीत जातात. या २१ साखळ्या मात्र टांगून ठेवल्यात. पुढच्या वर्षी त्यातली नावं पुन्हा आली तर पंचिंग वाचेल, हा हिशेब.

दृश्य : रिक्षात चढणारं गाठोडं.

उलट्या नावाची ती चादर सेकंड मालात गेली. गाठोड्यात बांधून रुग्णालयाकडे निघाली, नेणाऱ्यांत मल्लिकार्जुन होते. तिच्या काठाला त्यांचंच नाव पाच वेळा, आरशात वाचावं असं. आज रात्री जिन्याखाली कोणीतरी ती पांघरेल.