थेरपिस्टनं स्वतः थेरपी घ्यावी का?

नमस्कार. मी पुण्यात समुपदेशक म्हणून काम करते. मध्यंतरी एक बाई त्यांच्या कॉलेजातल्या मुलीला घेऊन आल्या. मुलगी बाहेर बसली होती. बाईंनी भिंतीवरची माझी सर्टिफिकेटं नीट वाचली आणि म्हणाल्या, "मॅडम, राग मानू नका हं, पण तुम्ही स्वतः कधी गेलायत का कुणाकडे?"

राग कसला? मी म्हटलं, "हो, गेलेय. अजूनही जाते." आज त्याबद्दलच बोलायचंय.

माझं मत आधीच सांगून टाकते. थेरपिस्टनं थेरपी घ्यावी. काम सुरू करण्याआधी निदान काही महिने तरी समोरच्या खुर्चीत बसून बघावं.

का म्हणते ते सांगते. यातले तपशील बदललेत, कुणाची ओळख पटू नये म्हणून. माझी सुरुवातीची वर्षं. एक मुलगा यायचा, वडील नुकतेच गेलेले. त्यांचा विषय निघाला की त्याचा गळा दाटून यायचा आणि मी लगेच पाण्याचा ग्लास पुढे करायचे. "घे, पाणी पी." तो दोन घोट प्यायचा, डोळे पुसायचा आणि ऑफिसमधलं काहीतरी बोलायला लागायचा. पाच-सहा सेशन हेच. मला वाटायचं, किती छान सावरतोय!

मग ही केस मी सुपरव्हिजनला नेली. सुपरव्हिजन म्हणजे आपलं काम एखाद्या अनुभवी थेरपिस्टपुढे मांडायचं आणि तपासून घ्यायचं. मॅडमनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "पाणी त्यानं मागितलं होतं का?"

मला उत्तर देता येईना. त्या म्हणाल्या, "याच्या पुढचं इथे नको. ते तुझ्या थेरपीत बघ." माझी थेरपी चालूच नव्हती! त्या आठवड्यात फोन करून वेळ घेतली.

तिसऱ्या का चौथ्या सेशनला आठवलं. बाबा गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. घर माणसांनी भरलेलं. मला हुंदका आला की कुणीतरी काकू, आत्या ग्लास घेऊन हजर. "पाणी पी. शांत हो. आईकडे बघ." मी प्यायले, शांत झाले आणि तेराव्यापर्यंत आल्या-गेल्याचा चहा बघत राहिले. रडायचं राहूनच गेलं. इतक्या वर्षांनी त्या मुलापुढे ग्लास धरत होते तो माझ्यासाठी. त्याचं रडणं मलाच सोसत नव्हतं.

आता पाण्याची बाटली मी क्लायंटच्या बाजूला ठेवते. हवं तेव्हा घेतात.

क्लायंटसमोर थेरपिस्टच्या स्वतःच्या भावना अशा जाग्या होतात, त्याला आमच्या क्षेत्रात काउंटरट्रान्स्फरन्स म्हणतात. हा शब्द मनोविश्लेषण ही उपचारपद्धती सुरू करणाऱ्या फ्रॉइडनं १९१० मध्ये आणला. दोनच वर्षांनी त्यानं लिहिलं की ज्याला दुसऱ्याचं मनोविश्लेषण करायचंय त्यानं आधी स्वतःचं करून घ्यावं, आणि ही अट पहिल्यांदा घातल्याचं श्रेय त्यानं झुरिकच्या मनोविश्लेषकांना दिलं. १९३७ मध्ये तर दर पाच वर्षांनी पुन्हा करून घ्यावं, असं सुचवलं. मनोविश्लेषणाच्या प्रशिक्षणात ही अट आजही आहे. विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणाऱ्या सीबीटीसारख्या पद्धतींमध्ये मात्र सहसा नसते. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजीच्या दोन वर्षांच्या एम.फिल.मध्ये सुपरव्हिजन होतं, पण स्वतः थेरपी घेण्याची सक्ती नव्हती.

सक्ती करावी का? इथे मी थांबते. थेरपी घेतलेल्या थेरपिस्टचे क्लायंट जास्त बरे होतात, असं संशोधनातून ठामपणे सिद्ध झालेलं नाही. आणि तास भरायचे म्हणून बसलेला माणूस मन उघडत नाही, हे आपल्याला आपल्याच क्लायंटवरून माहीत असतं. त्यात पैशांचा प्रश्न. नुकतं काम सुरू केलेल्या मुलीला एका सेशनचे हजार-दीड हजार जड जातात. तिला नुसतं "लोका सांगे ब्रह्मज्ञान" म्हणून टोमणा मारणं मला पटत नाही. शिकवणाऱ्या संस्थांनी यासाठी सवलतीत सोय करायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

पुण्यातली आणखी एक अडचण, विद्यार्थी मला नेहमी सांगतात. इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. ज्यांच्याकडे जावं त्या आपल्या कॉलेजच्या बाई निघतात, नाहीतर पुढच्या वर्कशॉपला शेजारच्या खुर्चीत भेटतात. म्हणून सांगते, ज्यांच्या हातात तुमचे मार्क किंवा नोकरी आहे त्यांच्याकडे अजिबात जाऊ नका. दुसऱ्या गावचं कुणीतरी शोधा, ऑनलाइन करा. पहिल्याच फोनवर सांगा की मीही याच क्षेत्रातली आहे. आणि तिथे गेल्यावर अभ्यासातले शब्द वापरायचं टाळा. "माझे अटॅचमेंट इश्यूज आहेत" म्हणणं सोपं असतं. "आईनं फोन उचलला नाही की माझ्या पोटात गोळा येतो", हे म्हणायला वेळ लागतो.

मी कोल्हापूरच्या एका बाईंकडे जाते, म्हणजे फोनवर. मंगळवारी रात्री साडेआठला. घरात सासूबाईंची मालिका, मुलाचा अभ्यास, एकांत मिळत नाही. म्हणून सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसते, काचा वर करून. वॉचमनकाका सुरुवातीला येऊन विचारायचे, "ताई, सगळं ठीक ना?" आता नुसता हात करतात.